पेलेला नापास करणारी चाचणी: फुटबॉलपटूचं डोकं मोजता येतं का?

(हे या भागाचं लिखित रूप आहे. बोलताना पुन्हा पुन्हा येणारे शब्द गाळले आहेत, बाकी बोलणं तसंच ठेवलं आहे.)



आजचा विषय आहे फुटबॉलपटूचं डोकं. नाही, हेडरबद्दल नाही बोलत मी. डोक्याच्या आत जे चालतं, त्याबद्दल. मैदानावर कुठे बघायचं, काय लक्षात ठेवायचं, पास कुणाला द्यायचा, आणि अगदी शेवटच्या क्षणी तो बेत रद्द कधी करायचा. हे सगळं मोजता येतं का? आणि मोजता आलं, तर त्या आकड्यावरून एखाद्या मुलाला संघात घ्यायचं की नाही, हे ठरवावं का? हे दोन वेगळे प्रश्न आहेत. या विषयातला बराचसा घोळ हे दोन्ही एकच समजल्यामुळे होतो. म्हणून आज आपण ते वेगवेगळे बघू.

सुरुवात करू ब्राझीलपासून. साल १९५८. वर्ल्ड कप स्वीडनमध्ये. ब्राझीलच्या ताफ्यात तेव्हा एक मानसशास्त्रज्ञ होते, जुआंव कार्वाल्याइस. त्या काळात फुटबॉल संघाबरोबर मानसशास्त्रज्ञ असणं ही नवलाईच होती. त्यांनी खेळाडूंच्या चाचण्या घेतल्या. कागद-पेन्सिल द्यायची, चित्रं काढायला लावायची, प्रश्न विचारायचे. आणि त्यावरून त्यांनी दोन पोरांबद्दल प्रतिकूल मत दिलं. एकाबद्दल म्हणाले, हा अगदीच पोरकट आहे, याच्यात लढाऊ वृत्ती नाही. दुसऱ्याबद्दल म्हणाले, याला जबाबदारीची जाणीव नाही. पहिला होता १७ वर्षांचा पेले. दुसरा गारिंशा.

प्रशिक्षक होते विसेंते फिओला. पेलेने आपल्या आत्मचरित्रात हा प्रसंग सांगितला आहे. फिओलांनी त्या मानसशास्त्रज्ञांचं म्हणणं शांतपणे ऐकून घेतलं आणि सांगितलं, की तुमचं बरोबरही असेल, पण तुम्हाला फुटबॉलमधलं काही कळत नाही. पेलेचा गुडघा बरा झाला की तो खेळणार.

पुढे काय झालं ते तुम्हाला माहीत आहे. उपांत्यपूर्व फेरीत वेल्सविरुद्ध एकमेव गोल पेलेचा. उपांत्य फेरीत फ्रान्सविरुद्ध हॅट्ट्रिक. २९ जूनला अंतिम सामना, यजमान स्वीडनविरुद्ध, ५-२, त्यात दोन गोल पेलेचे. आणि गारिंशा? पेले आणि गारिंशा हे दोघे एकत्र मैदानात असताना ब्राझील कधीही हरलं नाही. एकदासुद्धा नाही.

आता ही गोष्ट ऐकून आपण हसतो आणि म्हणतो, बघा, चाचण्या म्हणजे सगळा फापटपसारा. पण थांबा. कार्वाल्याइस काही मूर्ख माणूस नव्हता. ब्राझीलमध्ये क्रीडा मानसशास्त्राची सुरुवात करणाऱ्यांत त्यांचं नाव घेतात. चूक कुठे झाली? त्यांच्या चाचण्यांनी काहीतरी मोजलं होतंच. पण जे मोजलं ते शाळेशी, कागदाशी, पेन्सिलीशी असलेली ओळख होती. गारिंशा गिरणीच्या गावात वाढलेला, शिक्षण जेमतेम. पेलेही काही फार शिकलेला नव्हता. कागदावर माणसाचं चित्र बरं काढता येणं आणि डिफेंडर अंगावर धावून येत असताना मोकळी जागा दिसणं, यांचा एकमेकांशी काय संबंध आहे, हे कुणी तपासलंच नव्हतं. चाचणी घेतली गेली, पण त्या चाचणीची चाचणी झाली नव्हती. हे वाक्य जरा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता गंमत बघा. तो अंतिम सामना झाला स्टॉकहोमला खेटून असलेल्या सोल्ना गावात, रोसुंदा स्टेडियमवर. आणि त्याच सोल्नामध्ये कारोलिन्स्का इन्स्टिट्यूट आहे. वैद्यकशास्त्राचं नोबेल कुणाला द्यायचं हे जिथे ठरतं, तीच संस्था. तिथल्या तोर्ब्यॉर्न वेस्टबर्ग, प्रेद्राग पेत्रोविच आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. पुन्हा फुटबॉलपटू, पुन्हा कागद आणि पेन. पण या वेळी प्रश्न नीट विचारलेला होता.

त्यांना मोजायची होती ती क्षमता, जिला मानसशास्त्रात एक्झिक्युटिव्ह फंक्शन्स म्हणतात. मराठीत कार्यकारी क्षमता म्हणतात, पण मला विचाराल तर हा मेंदूचा कारभारी आहे. घरातला कारभारी काय करतो? कोणतं काम आधी, कोणतं नंतर, कशाला आता नाही म्हणायचं, आयत्या वेळी पाहुणे आले तर बेत कसा बदलायचा, हे तो बघतो. मेंदूतही हेच चालतं. चालू क्षणाची माहिती धरून ठेवणं, आलेली ऊर्मी आवरणं आणि नियम बदलला की आपणही बदलणं.

चाचणी कशी होती ते सांगते, कारण ती अगदी सोपी आहे. कागदावर चौकोनांच्या ओळी. प्रत्येक चौकोनात काही ठिपके. चार सरळ रेषांनी ठिपके जोडायचे आणि एक आकृती करायची. पुढच्या चौकोनात वेगळी आकृती, त्याच्या पुढच्यात आणखी वेगळी. एका मिनिटात जितक्या जमतील तितक्या. पुन्हा तीच आकृती आली तर ती धरत नाहीत. दुसऱ्या फेरीत काही ठिपके भरीव, काही पोकळ. आता फक्त पोकळ जोडायचे, भरीव समोर दिसत असले तरी तिकडे जायचं नाही. तिसऱ्या फेरीत एक भरीव, एक पोकळ, असं आलटून पालटून.

ऐकायला पोरखेळ वाटतो. पण करून बघा. दहा-बारा आकृत्यांनंतर डोकं अडकतं. ही आधी काढली होती का, हे आठवायचं, नवीन काहीतरी शोधायचं, नियम पाळायचा आणि घड्याळ पळतंय. आता मिडफिल्डरची कल्पना करा. मगाशी हा पास दिला होता, तो त्यांनी ओळखलाय, आता दुसरं काय? ऑफसाइडचा नियम सांभाळायचा, मोकळा दिसणारा पण धोक्याचा पर्याय टाळायचा, आणि वेळ नाहीच. वेस्टबर्ग यांचा तर्क हाच होता, की दोन्हीकडे कारभारी एकच काम करतोय.

निकाल काय लागला? स्वीडनच्या वरच्या आणि खालच्या श्रेणीतले, पुरुष आणि स्त्रिया, दोन्ही खेळाडू त्यांनी घेतले होते. दोन्ही श्रेणींतल्या खेळाडूंचे गुण सर्वसाधारण लोकांपेक्षा जास्त आले. वरच्या श्रेणीतल्यांचे खालच्या श्रेणीपेक्षा जास्त. आणि सगळ्यात बोलकी गोष्ट म्हणजे पुढच्या काही मोसमांत कुणी किती गोल केले आणि किती गोलांना पास दिले, हे त्यांनी मोजलं, तर त्याचाही या गुणांशी संबंध दिसला. २०१७ मध्ये त्याच मंडळींनी १२ ते १९ वर्षांच्या मुलांवर असाच अभ्यास केला, तिथेही संबंध दिसला.

बातमी जगभर गेली. आणि क्लबांना वाटलं, सापडली बुवा जादूची काडी.

पण इथे तीन शंका घ्याव्या लागतात. आणि शंका घेणं म्हणजे त्या संशोधकांना खोटं ठरवणं नव्हे, हं.

पहिली शंका, खेळाडू किती होते? २०१२ च्या अभ्यासात शंभराच्या आत. संबंध दिसतो, पण तो प्रत्येक खेळाडूला लागू होईल असं त्यातून निघत नाही. उंच माणसं सरासरीने जास्त वजनाची असतात, म्हणून समोरच्याचं वजन मी त्याची उंची बघून सांगू शकते का? अंदाज करेन, पैज लावणार नाही.

दुसरी, आधी कोंबडी की आधी अंडं? चांगल्या कारभाऱ्याची मुलं फुटबॉलमध्ये पुढे जातात, की फुटबॉल खेळून कारभारी तयार होतो? की दोन्हींच्या मागे तिसरंच काही आहे, चांगली झोप, चांगलं जेवण, स्थिर घर?

तिसरी शंका वयाची, आणि ही सगळ्यात महत्त्वाची. जर्मनीत ॲडम बीव्हन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वरच्या दर्जाच्या क्लबातल्या, दहा वर्षांच्या मुलांपासून एकविशीच्या तरुणांपर्यंत अनेक खेळाडूंच्या अशा चाचण्या केल्या. त्यांना काय दिसलं? वय वाढतं तसे गुण वाढतात आणि मोठेपणी वाढ मंदावते. सगळ्याच मुलांमध्ये वाढ साधारण अशीच होते. म्हणजे तेरा वर्षांच्या मुलाच्या कमी गुणांचा अर्थ बहुतेक वेळा इतकाच असतो, की तो तेरा वर्षांचा आहे. मेंदूचा पुढचा भाग, जिथे हा कारभारी बसतो, तो विशीतसुद्धा घडत असतो.

मग चाचण्या सोडून द्यायच्या का? नाही. फक्त त्या खेळाच्या जवळ न्यायच्या. कशा, ते समजायला आपण क्षणभर बुद्धिबळाकडे जाऊ.

१९७३ साली विल्यम चेस आणि हर्बर्ट सायमन यांनी एक सुरेख प्रयोग केला. खऱ्या डावातली मांडणी काही सेकंद दाखवायची, झाकायची आणि आठवून मांडायला सांगायची. मास्टर खेळाडू भराभर सोंगट्या मांडतो, नवशिका चार-पाचनंतर थांबतो. मग त्याच सोंगट्या पटावर वाटेल तशा, अर्थ नसलेल्या पद्धतीने ठेवल्या. आता मास्टर आणि नवशिका जवळपास सारखेच! म्हणजे मास्टरची स्मरणशक्ती काही वेगळ्या मातीची नव्हती. त्याला पटावर अर्थ दिसत होता. अर्थ काढून घेतला, तर तो तुमच्या-माझ्यासारखाच.

इंग्लंडमध्ये मार्क विल्यम्स आणि सहकाऱ्यांनी नव्वदच्या दशकात हेच फुटबॉलमध्ये करून बघितलं. खऱ्या चालींचे तुकडे दाखवले, तर मुरलेल्या खेळाडूंना कोण कुठे होतं हे जास्त आठवलं. विस्कळीत दृश्यं दाखवली, तिथे ती आघाडी उरली नाही.

मग आणखी पुढची पायरी. व्हिडिओ चालू, पास निघणार इतक्यात पडदा काळा. सांगा, चेंडू कुठे जाणार? चांगल्या खेळाडूला चेंडू निघायच्या आधीच उत्तर माहीत असतं. नेदरलँड्समध्ये २००२ साली खेर्ट साफेल्सबर्ग आणि सहकाऱ्यांनी गोलकीपरना पडद्यावर पेनल्टी दाखवली आणि हातात जॉयस्टिक दिला. नजर कुठे जाते हे मोजणारं यंत्रही लावलं. नवशिके किक मारणाऱ्याच्या धडाकडे, हातांकडे बघत होते. मुरलेले गोलकीपर किक मारणारा पाय, टेकवलेला पाय आणि चेंडू यांच्याकडे बघत होते. नजर कमी ठिकाणी, पण जास्त वेळ. आणि ते हालचाल उशिरा करत होते. हे ऐका, उशिरा! आपल्याला वाटतं चांगला गोलकीपर म्हणजे झटकन उडी मारणारा. पण तो थांबतो, कारण थांबल्याने माहिती वाढते. नुसता प्रतिक्रियेचा वेग मोजणाऱ्या चाचणीत हे शहाणपण दिसणारच नाही.

क्रिस्तियानो रोनाल्डोची ती फिल्म तुमच्यापैकी काहींनी पाहिली असेल, २०११ ची. चेंडू हवेत येतोय, मध्येच दिवे बंद, मिट्ट काळोख, आणि तरी हा गोल मारतो. आता ती एका तेल कंपनीची जाहिरात होती, एकच खेळाडू होता, म्हणून तिला संशोधन म्हणू नका. पण मुद्दा डोळ्यांना दिसतो. त्याचे डोळे आपल्यापेक्षा तीक्ष्ण आहेत असं नव्हे. पाय चेंडूला लागण्याआधीच्या त्या क्षणात, शरीराच्या ठेवणीवरून, त्याला बाकीचं कळलेलं असतं.

आणि माझी सगळ्यात आवडती चाचणी, जिला यंत्र लागत नाही. नॉर्वेचे गाइर योर्डेट. त्यांनी प्रीमियर लीगच्या ११८ खेळाडूंचं चित्रण बघितलं आणि एकच गोष्ट मोजली. चेंडू मिळण्याआधीच्या दहा सेकंदांत खेळाडू मान वळवून आजूबाजूला किती वेळा बघतो? जास्त वेळा बघणाऱ्यांचे पास जास्त वेळा योग्य ठिकाणी पोचत होते. नंतर २०२० मध्ये त्यांनी २७ खेळाडूंवर जास्त बारकाईने काम केलं, तेव्हा संबंध टिकला, पण तो लहान निघाला. हेही सांगायला हवं, कारण पहिल्या अभ्यासाचीच चर्चा जास्त होते.

२०२१ मध्ये अनेक खेळांमधल्या अशा सगळ्या अभ्यासांचा एकत्र आढावा आला. त्याचा सूर हाच आहे. ठिपके, रंग, आकडे यांच्या सामान्य चाचण्यांत चांगले आणि साधारण खेळाडू यांच्यात फरक दिसतो, पण कमी. खेळातल्याच प्रसंगावर निर्णय घ्यायला लावलं की फरक वाढतो. चाचणी जितकी मैदानाजवळ, तितकी ती खरं बोलते.

श्रीमंत क्लबांनी हे ओळखून यंत्रं आणली. फुटबोनॉट नावाचा एक पिंजरा आहे. कुठूनही चेंडू येतो, एखादा चौकोन उजळतो, आणि त्यातच चेंडू मारायचा. डॉर्टमुंड आणि होफेनहाइम या जर्मन क्लबांकडे तो आहे. होफेनहाइमकडे अर्धवर्तुळाकार पडदाही आहे. त्यावर खेळाडू पळतात आणि त्यांतल्या ठरावीक जणांवर नजर ठेवायची. छान आहे. पण तिथेही प्रश्न उरतो, की पडद्यावर सुधारलेला खेळाडू मैदानावर सुधारतो का? ‘मेंदूचा व्यायाम’ म्हणून जे खेळ विकले जातात, त्यांचा अनुभव असा आहे, की माणूस तो खेळ खेळण्यात तरबेज होतो, बाकी ठिकाणी फारसा फरक पडत नाही. लुमोसिटी या ॲपच्या कंपनीला अमेरिकेत २०१६ मध्ये अशाच दाव्यांवरून २० लाख डॉलर भरून तडजोड करावी लागली होती.

आता दुसऱ्या प्रश्नाकडे येऊ. हा सगळा विषय मी आज का काढला? कोल्हापूरहून एका श्रोत्या ताईंचा मेल आला. कोल्हापूर आणि फुटबॉल हे नातं तुम्हाला सांगायला नको. शाहू स्टेडियमवर तालमींचे सामने असले की पेठाच्या पेठा तिथे असतात. १७ वर्षांखालील वर्ल्ड कप २०१७ मध्ये भारतात झाला, तेव्हा संघातला अनिकेत जाधव कोल्हापूरचाच. तर या ताईंचा मुलगा तेरा वर्षांचा. एका अकादमीने, नाव घेत नाही, मुलांची टॅबलेटवर चाचणी घेतली. वेगळी फी घेऊन. रंगीत रिपोर्ट दिला, ‘निर्णयक्षमता सरासरीपेक्षा कमी’. आणि तोंडी सांगितलं, पुढच्या बॅचचं बघू. मुलाने तो रिपोर्ट वाचला. ताई लिहितात, तेव्हापासून तो पास द्यायच्या आधी थबकतो. मैदानावर आम्हालाच विचारल्यासारखा बाहेर बघतो.

ताई, तुमचं शेवटचं वाक्य मी तीनदा वाचलं. कारण नुकसान नेमकं तिथे आहे. निर्णय घ्यायला शिकायच्या वयात त्याला सांगितलं गेलं की तुला निर्णय घेता येत नाही. चाचणीने जे मोजायचं होतं, तेच तिने बिघडवलं.

तुम्ही विचारलंत, अकादमीत जाऊन काय बोलू? चार प्रश्न विचारा. भांडायला नको, नुसते विचारा.

एक, ही चाचणी नेमकं काय मोजते, आणि त्याचा मैदानावरच्या खेळाशी संबंध कुणी, कुठे तपासलाय? चाचणीची चाचणी झालीय का?

दोन, ‘सरासरी’ म्हणजे कुणाची? त्याच वयाच्या, त्याच भाषेत शिकणाऱ्या मुलांची, की परदेशातल्या मोठ्यांची? जानेवारीत जन्मलेला आणि डिसेंबरात जन्मलेला एकाच गटात धरलाय का? ज्याच्या घरी टॅबलेट आहे आणि ज्याने तो त्या दिवशी पहिल्यांदा हातात घेतला, त्यांना एकाच मापाने मोजलंय का?

तीन, एकदाच घेतलीत का? चाचणीच्या आदल्या रात्री मुलगा झोपला होता का, परीक्षा चालू होती का? एका दिवसाचा आकडा म्हणजे फार तर एका दिवसाचा फोटो.

चार, आणि हा मुख्य. या आकड्यावरून तुम्ही त्याला काय शिकवणार आहात? याचं उत्तर असेल, तर चाचणीला अर्थ आहे. मूल इथे अडतंय, म्हणून आपण हा सराव करू, असं म्हणणारा कोच चाचणी बरोबर वापरतोय. उत्तर नुसतं ‘बघू’ असेल, तर ती चाचणी नाही, चाळणी आहे.

आणि घरी काय करायचं? रविवारी सामना बघायला जाल तेव्हा चेंडूकडे बघू नका, मुलाकडे बघा. चेंडू यायच्या आधी तो मान वळवून किती वेळा बघतो, मोजा. त्याला आकडा सांगू नका, पण घरी येताना विचारा, तुझ्या मागे कोण होतं रे? डावीकडे कोण मोकळं होतं? महिनाभर विचारा. बघायची सवय लागते, आणि ही सवय खऱ्या खेळात लागते, काचेवर नाही. थबकला तर थबकू दे. मगाचा गोलकीपर आठवतोय ना? थांबणं म्हणजे कमी पडणं असं नाही. घाबरून थांबणं आणि बघायला थांबणं यांतला फरक कोचला कळला पाहिजे, आणि तो त्या रंगीत रिपोर्टमध्ये नसतो.

तर मंडळी, पहिल्या प्रश्नाचं माझं उत्तर ‘हो’ असं आहे. फुटबॉलपटूचं डोकं काही अंशी मोजता येतं, आणि दरवर्षी थोडं जास्त नीट मोजता येतंय. दुसऱ्याचं उत्तर आहे ‘नाही’. निदान मुलांच्या बाबतीत तरी त्या आकड्यावरून दार बंद करू नये.

तुमच्या मुलांच्या अशा चाचण्या झाल्या असतील, खेळासाठी किंवा आणखी कशासाठी, तर अनुभव जरूर कळवा. कोच मंडळी ऐकत असतील तर तुमची बाजूही लिहा, पुढच्या भागात घेऊ. आणि हो, कागदावर ठिपके काढून ती एक मिनिटाची आकृत्यांची गंमत घरी करून बघा. फक्त गुण कुणाला सांगू नका.

भेटूया पंधरा दिवसांनी. तोवर खेळत राहा, ऐकत राहा.